अमानतीचे कुलूप

लोणावळ्यात कागद फार दिवस जगत नाही. घाटमाथ्यावरचे गाव हे. जूनमध्ये ढग एकदा खाली उतरले की नवरात्रापर्यंत मुक्काम हलवत नाहीत. बहुतेक वर्षी पाऊस ४,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. भिंतींना ओल सुटते, चपलांवर बुरशी चढते, बरणीतले मीठ पाणी सोडते आणि कपाटातल्या कागदांवर आधी पिवळे, मग तपकिरी, मग काळे ठिपके उमटतात. इथून पूर्वेला कामशेत, वडगाव करत तीस किलोमीटरवरचे तळेगाव गाठले की पाऊस कितीतरी कमी झालेला असतो. म्हणून आमच्या घरात एक रीत होती. महत्त्वाचे कागद लोणावळ्यात ठेवायचे नाहीत, ते तळेगावच्या फुफीकडे तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत. अब्बा म्हणत, "सब कागजां एकीच घर में नको." ट्रंकेत कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या आणि वर पितळी कुलूप. पण कुलपाची किल्ली फुफीकडे नसायची. ती लोणावळ्यात, अम्मीच्या कमरेला.

पेटी एका गावात आणि किल्ली दुसऱ्या गावात, याचे तेव्हा आम्हा मुलांना हसू येई. फुफीवर विश्वास नाही काय, असे मी एकदा विचारलेही. अम्मी म्हणाली, "विश्वास आहे म्हणून तर पेटी तिच्याकडे आहे. किल्ली नाही म्हणून तिला घोर नाही." या वाक्याचा अर्थ कळायला मला निवृत्तीपर्यंत थांबावे लागले.

त्या ट्रंकेत निकाहनामे होते, शाळा सोडल्याचे दाखले होते, सातबाऱ्याचे उतारे आणि फेरफाराच्या नकला होत्या. सगळ्यांत खाली पवन मावळातल्या आमच्या मूळ गावच्या मुलाणीकीच्या वतनाचा एक कागद होता. मुलाण्याचे नाव गावगाड्याच्या अलुत्या-बलुत्यांत असे. १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने गेली, तसे आमचेही गेले. कागद राहिला, तो मोडीत. घरात तो कुणालाच वाचता येत नाही. म्हणजे कुणी कुलूप लावले नाही, पण किल्ली मात्र हरवली. मराठी मुलखात अशा हरवलेल्या किल्ल्या गावोगाव आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. ज्या उर्दूचे काय करायचे असे आमच्या मुलांना लोक विचारत असत, तिच्यावाचून सरकारी दप्तर उघडेना. एवढे सांगून पुढे जाते, नाहीतर हा विषय मला दुसरीकडेच नेईल.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामातल्या नागरिक नोंदणीची शेवटची यादी लागली आणि १९ लाखांहून जास्त माणसे तिच्याबाहेर राहिली. डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांतून ट्रंका उघडल्या गेल्या. दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शेक', रेशनकार्डावर नुसते 'भाई'. कुठे तांबोळी, कुठे 'तंबोली'. माझ्याकडे एक स्कॅनर होता आणि शाळेतून निवृत्त झाल्यामुळे वेळ होता. दुपारी बायका पिशव्या घेऊन येऊ लागल्या. प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात रुमाल आणि रुमालात घडीवर तुटलेला कागद. मार्चमध्ये टाळेबंदी लागेपर्यंत सुमारे चाळीस कुटुंबांचे कागद माझ्या संगणकावर आले होते.

त्यांचा उपयोग फार लवकर झाला, आणि भलत्याच कारणाने. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि घाट चढून मावळातही शिरले. झाडे पडली, घरांवरचे पत्रे उडाले. वस्तीतल्या तीन घरांचे कागद चिखलात गेले. त्यांच्या छापील प्रती मी पुढच्या आठवड्यात काढून दिल्या. अस्सल ते अस्सल. पण नकलेवर दाखल्याचा क्रमांक असतो, तारीख असते, आणि क्रमांक हाती असला की कचेरीत दुसरी प्रत मागता येते. नंबर नसलेल्या माणसाला तिथे 'पुढच्या सोमवारी या' एवढेच ऐकायला मिळते.

जादाची प्रत वेगळ्या जागी ठेवावी, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. यमामाच्या लढाईत कितीतरी कारी शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना घोर पडला की कलाम केवळ माणसांच्या उरात राहिले तर माणसांबरोबर जाईल. हजरत अबू बकर (रजि.) यांनी झैद बिन साबित यांच्याकडून ते लिहून एकत्र करवले. ती पाने पुढे हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे राहिली. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती मागवली, नकला करून निरनिराळ्या शहरांना धाडल्या आणि मूळ पाने हजरत हफ्सांना परत केली. उरातले, कागदावरचे, आणि दूरदूरच्या शहरांतले. आज संगणकवाले सांगतात की तीन प्रती असाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर असावी. उलट उदाहरणही पुण्यातलेच आहे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि तिथल्या हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्या पोथीची दुसरी प्रत जगात नाही, तिला जमाव आणि वाळवी सारखेच.

पण कलाम सर्वांसाठी होता, जेवढ्या हाती जाईल तेवढे बरे. माझ्या डिस्कवर जे होते ते सर्वांसाठी नव्हते.

वादळानंतर एका रात्री मी ती डिस्क हातात घेऊन बसले. पानाच्या डब्याएवढी वस्तू. तिच्यात चाळीस घरांची नावे, जन्मतारखा, पत्ते, बँकेचे खाते क्रमांक, सह्या, अंगठे, फोटो, जमिनीचे गट क्रमांक. फुफीची ट्रंक चोरायला दोन माणसे लागली असती आणि सकाळी ती नाहीशी झालेली दिसली असती. डिस्कची नक्कल पाव तासात होते आणि डिस्क जागच्या जागी राहते. चोरी झाली हेही कळत नाही.

कुणाच्या हाती पडेल, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. २००२ च्या गुजरात दंगलीत हल्लेखोरांच्या हाती मुसलमानांची घरे आणि दुकाने दाखवणाऱ्या छापील याद्या होत्या, असे ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात नोंदलेले आहे. माझ्या डिस्कवर जे होते ती एक यादीच होती. मी ती मदतीसाठी केली होती, एवढाच फरक. आणि तो फरक यादीवर कुठे लिहिलेला नसतो. कागद नसला तर आपण कोण हे सिद्ध होत नाही, आणि कागद भलत्या हाती गेला तर आपण कोण हे फारच सहज सिद्ध होते. या दोन भीतींच्या मध्ये आपल्याला घर करायचे आहे.

मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" त्यांच्याकडे खरोखर काही नसेल. पण माझ्याकडे एक तरुण मुलगी येऊन गेली होती. तिने एक पाकीट वेगळे ठेवले होते. त्यात तिचा खुलानामा होता आणि दवाखान्याचे काही कागद होते. "खाला, हे स्कॅन करा, पण कुणाला दाखवू नका. अम्मीलासुद्धा नाही." ती गुन्हेगार नव्हती. तिला फक्त आपली गोष्ट आपल्यापाशी ठेवायची होती. २०२१ आणि २०२२ साली मुसलमान बायकांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारी दोन अॅप निघाली, हे आपण विसरलेलो नाही. ते फोटो तर उघड्यावरून उचललेले होते. बंद पाकिटातले बाहेर पडले तर काय होईल, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

दुसरी शंका माझ्या भाच्याने काढली, आणि ती मला जास्त लागली. तो म्हणाला, "खाला, आपल्या घरात कुलूपबंद डिस्क सापडली तर लोक काय म्हणतील?" मी त्याला विचारले, तुझा मोबाईल कुलूपबंद नाही का? बँकेचे व्यवहार उघडे चालतात का? आणि कायद्याने रीतसर हुकूम देऊन मागितले तर उघडून द्यावे लागतेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमात नकाराला सात वर्षांपर्यंत कैद आहे. हे कुलूप न्यायालयासाठी नाही, रस्त्यासाठी आहे. त्याचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. त्याची भीती खोटी आहे असे मला म्हणवत नाही. पण त्या भीतीने चाळीस घरांची दारे सताड उघडी ठेवणेही मला पटेना.

मग शिकायला बसले. वयाच्या साठीनंतर शिकण्यात एक मजा असते, परीक्षा नसते. पहिली गोष्ट कळली ती ही की ज्याला आपण कुलूप समजतो ते बहुतेक वेळा नुसती कडी असते. संगणक सुरू करताना आपण जो पासवर्ड देतो, तो पुष्कळदा फक्त दारावरच्या शिपायासारखा असतो. आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळे उघडे. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड तर मुळातच उघडी असतात. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. फाइलला आपण त्याच माणसाचे नाव देतो, म्हणजे अर्धी किल्ली दारावरच टांगलेली. तालुक्याच्या गावी कचेरीसमोर झेरॉक्सची दुकाने असतात. अशाच एका दुकानात संगणकाच्या पडद्यावर मला माझ्याच चुलतभावाचे पॅनकार्ड दिसले होते. कुणीतरी छापायला दिलेले तिथेच राहिलेले, शेकडो इतरांच्या कागदांशेजारी. आणि आपल्या घरांतले पासवर्ड! ७८६ नसलेला पासवर्ड मी आमच्या नात्यात अजून पाहिलेला नाही. बरकत असेल, पण गुपित नाही.

खरे कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. मजकूर असा घुसळून टाकायचा की किल्लीवाचून तो नुसता अक्षरांचा ढीग दिसावा. या शास्त्राशी आपले नाते जुने आहे. इंग्रजीत याला जो 'सायफर' शब्द आहे तो अरबी 'सिफर'वरून गेला, आणि अरबांनी तो सिफर आपल्याकडच्या शून्यावरून घेतला. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी गुप्त लिखाण कसे फोडावे यावर एक रिसाला लिहिला. कोणत्याही भाषेत काही अक्षरे जास्त वेळा येतात, अरबीत अलिफ आणि लाम. तेव्हा गुप्त मजकुरातली कोणती खूण किती वेळा येते ते मोजा, म्हणजे बुरख्याआडचे अक्षर ओळखता येईल. एवढी साधी गोष्ट. पण अक्षराला अक्षर बदलणारी साधी कुलपे तिने निकामी केली. २००१ साली अमेरिकेत ठरलेले आणि आज जगभर वापरात असलेले एईएस हे कुलूप अशा मोजणीला दाद देत नाही. त्याच्या मोठ्या प्रकारात शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या ७८ आकडी आहे. एकेक करून पाहायला कयामतपर्यंतचा वेळही पुरणार नाही. ते विकत घ्यावे लागत नाही. सेव्हन-झिप, व्हेराक्रिप्ट ही त्यासाठीची साधने फुकट मिळतात. संगणकावर एक पेटी तयार होते, तिच्यात कागद ठेवायचे आणि पेटी बंद करायची.

या कुलपाला चावीवाला नाही, हे मात्र नीट समजून घ्यावे. किल्ली हरवली तर कंपनी, सरकार, लेकाचा हुशार मित्र, कुणीही उघडून देऊ शकत नाही. व्हॉट्सअॅपचेच पाहा. २०१६ पासून गप्पांना कुलूप होते, पण त्या गप्पांच्या बॅकअपला नव्हते. ती सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, आणि आजही ती आपण होऊन सेटिंगमध्ये सुरू करावी लागते. तिथे पासवर्ड द्या किंवा ६४ आकडी किल्ली घ्या. आणि ती विसरलात तर बॅकअप गेला. मिठाची बरणी फुटू नये म्हणून विहिरीत सोडावी, तसे व्हायचे.

कुलूप दुसऱ्याने लावले तर काय होते, हेही आपल्या दाराशी घडले आहे. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल बंद पडले. ते डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे होते. नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला आणि त्याने जगभरचे संगणक कूटबद्ध करून टाकले. उघडणारी किल्लीच अस्तित्वात नव्हती. आमची कोकणातली नातलग मंडळी जहाजांवर आणि बंदरांत कामाला, त्यामुळे त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. मर्स्कने आपल्या जाळ्याचा नकाशा सांभाळणाऱ्या संगणकांच्या प्रती जगभर ठेवल्या होत्या. पण त्या सर्व एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे सर्व एकदमच गेल्या. एकच वाचली, घाना देशातली. तिथे त्या वेळी वीज गेली होती. वीज गेल्याने कुणाचे भले झाल्याचे मला ठाऊक असलेले हे एकमेव उदाहरण. लोणावळ्यात एवढी वेळा जाते, पण असा योग अजून आला नाही. यातून मी एवढे घेतले की सतत संगणकाला जोडून ठेवलेली डिस्क ही बॅकअप नव्हे. आपले कुलूप असले तरी चोर त्यावर आपले दुसरे कुलूप लावू शकतो. प्रत काढली की तार काढायची आणि डिस्क कपाटात.

शेवटी जी रीत बसवली ती अम्मीचीच, थोडी वाढवून. प्रत्येक कुटुंबाची पेटी वेगळी. पेटीला नाव नाही, क्रमांक. किल्ली म्हणजे आठ शब्दांचे एक निरर्थक वाक्य, आणि ते कुटुंबाने स्वतः टंकायचे, मी तोंड फिरवून बसायचे. शब्द घरच्या बोलीतले, पण आयत नको, म्हण नको, गाण्याची ओळ नको. जे सर्वांना पाठ ते किल्ली होऊ शकत नाही. ते वाक्य दोन चिठ्ठ्यांवर लिहायचे. एक कुटुंबाकडे, दुसरी बंद लिफाफ्यात माझ्या धाकट्या बहिणीकडे, तळेगावला. लिफाफ्यावर फक्त क्रमांक. डिस्क दोन: एक माझ्याकडे, एक भाच्याकडे दुबईत. बहिणीकडे किल्ल्या आहेत, पेट्या नाहीत. भाच्याकडे पेट्या आहेत, किल्ल्या नाहीत. क्रमांक आणि नाव यांची जोडी एका वहीत, आणि ती वही आणखी तिसऱ्या घरी. उद्या माझे बरेवाईट झाले तर कुटुंबातल्या माणसाने काय करायचे, ते माझ्या वसियतनाम्यात लिहिले आहे. मालमत्तेचे कलम त्यात दोन ओळींचे आहे, डिस्कचे दीड पान. वकीलसाहेब हसले.

दरवर्षी पाऊस सरला की ऑक्टोबरात पेट्या उघडून पाहतो. न उघडलेली प्रत आहे असे मानू नये. गेल्या वर्षी एका घरातल्या आजोबांना आठवा शब्द आठवेना आणि चिठ्ठी सुनेने धुणाच्या पिशवीत धुऊन टाकलेली. ते लोकलने तळेगावला गेले, बहिणीने ओळख पटवून लिफाफा दिला, चहा पाजला, आणि परत येताना ते आठही शब्द पुटपुटत आले म्हणे. डब्यातल्या लोकांना वाटले असेल, वजीफा चालला आहे.

२०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. घरगुती कामापुरती माहिती ठेवणाऱ्याला तो लागू नाही. पण जमातीच्या दप्तरात निकाहाची नोंद, मयताची नोंद, जकात घेणाऱ्यांची यादी असते, ते घरगुती कसे म्हणायचे? जकात कुणाला दिली हे झाकून ठेवण्याचा आपल्यात केवढा कटाक्ष. आणि तीच यादी विश्वस्तांच्या मोबाईलवर फिरताना मी पाहिली आहे. यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे. दोन तरुण विश्वस्त तयार आहेत, बाकीचे 'बघू' म्हणतात.

खुलानाम्याची ती मुलगी दोन वर्षांपूर्वी परत आली. तिचे दुसरे लग्न ठरले होते, नाशिककडे जायची होती. म्हणाली, "खाला, आता ते सगळे पुसून टाका." माझ्याकडची पेटी पुसणे सोपे होते. पण दुसरी दुबईत, भाचा सुट्टीवर यायला अजून चार महिने. मी तिला म्हटले, पेटी राहू दे, किल्लीच नको. बहिणीकडून क्रमांक सतराचा लिफाफा मागवला, तो तसाच बंद तिच्या हातात दिला. तिने पर्समधली आपली चिठ्ठी काढली. गॅस पेटवून दोन्ही तिने स्वतः जाळल्या आणि राख वॉशबेसिनमध्ये सोडून नळ सुरू केला. सतरा क्रमांकाची पेटी दुबईच्या डिस्कवर अजून आहे. भाचा मागे म्हणत होता, जागा अडते आहे, काढू का? काढ म्हटले, सवडीने.